ट्रायफलमधे काय भरायचं? आधी खाणार कधी ते सांगा

ऑर्डर द्यायला आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, फ्लेवर कुठले कुठले आहेत. आणि आम्ही उलटं विचारतो, खाणार कधी आणि नेणार कुठं? काही जणांना वाटतं टाळाटाळ चाललीय, पण तसं नाही. ट्रायफल म्हणजे खाली स्पंज, त्यावर फळ नाहीतर जेली, मग कस्टर्ड आणि वर क्रीम (आपल्याकडं सगळे पुडिंगच म्हणतात, म्हणा की), आता हे थर एकमेकांत पाणी सोडत बसतात त्यामुळं दोन तासात संपवलं तर जे लई भारी लागतं त्याचाच दुसऱ्या दिवशी लगदा होतो.

स्ट्रॉबेरीचंच बघा. थंडीत महाबळेश्वरचा माल आला की प्रत्येकाला ताजी कापलेलीच पाहिजे असते, पण कापलेल्या फोडीला साखर लागली की रस सुटतो आणि वरची क्रीम गुलाबी पाणचट होते. त्याच दिवशी खाणार असाल तर ताजी घालतो, नाहीतर साखरेत शिजवून घट्ट करून. चव थोडी जॅमकडं जाते, पण थर जागेवर राहतो.

पायनॅपल कच्चा घालणार नाही, कितीबी आग्रह करा. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं, म्हणून जिलेटिनची जेली धरतच नाही आणि दूध-क्रीम थोड्या वेळानं कडवट लागायला लागते. सुरवातीला आम्हीच एका बारशाच्या ऑर्डरला कच्चा घातला होता, रात्रभर फ्रीजमधे ठेवून सकाळी बघतोय तर जेलीचं सरबत, मग काय, धावपळ करून सगळं परत. पाकात चांगला उकळला की एन्झाइमचा जोर संपतो, डब्यातला पण चालतो. किवी आणि पपईची तीच गत.

आता जेली आम्ही चायना ग्रासची करतो, जिलेटिन जनावरांपासून येतं म्हणून. ही समुद्री शेवाळाची, एकदा सेट झाली की गाडीतल्या उकाड्यात वितळत नाही. फक्त तोंडात विरघळायची अपेक्षा ठेवू नका, दाताखाली कट्कन तुटते.

श्रावण आला की कस्टर्डमधे अंडं आहे का, हे रोज विचारतात. नाही. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, आणि ती 1837 मधे बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं काढलीच यासाठी की त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. स्पंज मात्र नेहमीचा अंड्याचा असतो, बिनअंड्याचा पाहिजे तर ऑर्डर देतानाच बोला.

क्रीमचं जरा स्पष्ट सांगतो. पॅकेटातल्या साध्या फ्रेश क्रीममधे 25 टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, ती फेटून उभी राहत नाही, त्याला 35 टक्क्यांच्या आसपासची लागते. ती चवीला एक नंबर, पण मे महिन्यात टेबलावर ठेवली की बसते. नॉन-डेअरी क्रीम उन्हात टिकते, पण टाळूला तुपकट चिकटते, आम्हाला स्वतःला ती आवडत नाही. तरी पार्सल गडहिंग्लजला एसटीनं जाणार असेल तर तीच घालून देऊ, उगीच हट्ट नको.

उन्हाळ्यात आम्हाला विचाराल तर हापूसचा आटवलेला रस आणि चक्का. चक्क्याच्या आंबटपणानं गोडी कापली जाते, आणि पाणी आधीच निथळून गेलेलं असल्यामुळं स्पंज भिजून बसत नाही, दुसऱ्या दिवशी तर आणखी छान लागतं. बारमाही पाहिजे तर आजऱ्याचे काजू आणि आपला गूळ. गूळ गरम दुधात टाकला की दूध फाटतं म्हणून कस्टर्ड गार झाल्यावर मिसळतो, आणि काजूची चिक्की वेगळ्या पुडीत देतो कारण क्रीममधे ती ओल धरून मऊ पडते. खायच्या वेळी चुरून टाका. केळं आम्ही घालत नाही, काळं पडतं. तुम्ही घरी वरून घालून घ्या.

फ्रीजबाहेर दोन तासाच्या वर ठेवू नका, मे महिन्यात एकच तास धरा. आणि काचेचा बाऊल झाकणासकट परत आणून द्या, झाकणं कुठं जातात देव जाणे.