ज्योत निळी, म्हणजे बर्नर ठीक?
“ज्योत निळी आहे ना? मग काही बघायला नको!” बॉयलरवर काम करणाऱ्यांकडून हे कायम ऐकू येतं. हा समज घातक आहे. निळ्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो, आणि त्याला ना रंग, ना वास. हवा फार वाढली तर ज्योत निळीच राहते, पण बर्नरच्या तोंडापासून सुटून फडफडते, गार पडते, गॅस अर्धवट जळतो. पण कार्बन मोनॉक्साइड किती निघतोय, हे डोळ्यांना कळत नाही. धुराड्यात फ्लू गॅस अ‍ॅनालायझरची (धुरातले वायू मोजणाऱ्या यंत्राची) नळी घालावीच लागते. नैसर्गिक वायूवर धुरातला ऑक्सिजन साधारण ३ ते ५ टक्के असावा. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. आणि जाणकाराकडून चालू बर्नरचा फ्लेम सेन्सर (ज्योत आहे की नाही हे ओळखणारा भाग) काढून, त्याची काच झाकून तपासून घ्या: काही सेकंदांत गॅस व्हॉल्व्ह बंद झालाच पाहिजे.