लायसन्सवरचा ‘हॅझार्डस’ शेरा: अर्ज कुठे अडतो आणि पाण्याने पेटणारा माल असेल तर काय जास्त बघायचं

सोडियम, कॅल्शियम कार्बाइड, थायोनिल क्लोराइड, ओलियम असा माल भरलेली गाडी चालवायला नुसतं ट्रान्सपोर्टचं लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे त्या लायसन्सवर धोकादायक मालाचा वेगळा शेरा लागतो. प्रक्रिया अवघड नाही. तरीही अर्ज परत येत राहतात, आणि बहुतेक वेळा त्याच तीन-चार कारणांनी.

पात्रता आधी बघू. ट्रान्सपोर्ट वाहनाचं चालू लायसन्स हवं, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. इथे मोठा गैरसमज आहे. २०१९ मध्ये ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट निघाली, म्हणून ‘आता शिक्षणाचं काही विचारत नाहीत’ असं ड्रायव्हर मंडळी धरून चालतात. शाळेचा दाखला लागत नाही हे खरं, पण नियम ९ मधली वाचता-लिहिता येण्याची अट वेगळी आहे. ज्याला गाडीवरच्या माहितीच्या पॅनलवरचं रसायनाचं इंग्रजी नाव वाचून फोनवर सांगता येत नाही, त्याने शेरा मिळवण्याआधी तेवढं शिकून घ्यावं. त्याचा जीव त्यावर अवलंबून आहे.

दुसरी अट प्रशिक्षणाची, आणि सर्वाधिक अर्ज इथेच मरतात. नियमात तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि ते राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. ‘उद्या सर्टिफिकेट हातात देतो’ म्हणणारे एजंट आरटीओच्या दारात उभे असतात. त्यांच्या कागदावर शिक्का असतो, संस्थेची मान्यता मात्र संपलेली असते किंवा दुसऱ्याच राज्याची असते. पैसे भरण्यापूर्वी आपल्या आरटीओत मान्य संस्थांची यादी मागा. द्यायला टाळाटाळ करतात, तरी मागाच. प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून चार गोष्टी तपासा: नाव लायसन्सवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, लायसन्सचा नंबर, तिन्ही दिवसांच्या तारखा, संस्थेचा मान्यता क्रमांक. ‘विठ्ठल’ आणि ‘विट्ठल’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज परत येतो आणि संस्थेकडे पुन्हा हेलपाटा होतो.

अर्ज सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर भरायचा: लायसन्सच्या सेवांमध्ये हॅझार्डसचा पर्याय निवडा, प्रमाणपत्र जोडा, फी भरा, मग सांगतील त्या दिवशी मूळ कागद घेऊन जा. लायसन्स जुन्या पुस्तकाच्या स्वरूपातलं असेल तर पोर्टलवर ते सापडतच नाही. अशा वेळी आधी आपल्या आरटीओतून त्याची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची पोर्टलवर नोंद, करून घ्या. ती न करता पुन्हा पुन्हा फॉर्म भरण्यात काही अर्थ नाही. ओटीपीचा मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा.

नियम ९ मध्ये अर्ज, लायसन्स आणि प्रमाणपत्र एवढंच मागितलं आहे. काही खिडक्यांवर कंपनीचं पत्र मागतात, आणि नोकरी शोधत असलेला ड्रायव्हर त्यापायी महिनाभर अडकतो. कंपनी म्हणते आधी शेरा आण, खिडकी म्हणते आधी कंपनी आण. नियमात अशा पत्राचा उल्लेख नाही. तेव्हा ‘कोणत्या नियमाखाली हवं ते लेखी द्या’ अशी नम्रपणे विनंती करा.

मुदतीत फसलेलेही बरेच. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने १ सप्टेंबर २०१९ पासून ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं झालं, पण धोकादायक मालाची मुदत तीन वर्षांची आहे. स्मार्ट कार्डवर ही तारीख वेगळी छापलेली असते, पण ड्रायव्हर मोठी तारीख बघतो आणि निश्चिंत राहतो. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. ती सवलत त्याच दुरुस्तीत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो, पण नंतरचं ते वर्ष फक्त अर्जासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. ३१ मार्चला तारीख संपली असेल तर १ एप्रिलला ती गाडी हलवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली तीच तारीख बघेल. नूतनीकरणासाठी लागणारा उजळणीचा वर्ग तीन-चार महिने आधीच उरकून घ्या.

हे सगळं शेऱ्यापुरतं झालं. रस्त्यावर खरा उपयोगी पडणारा कागद ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं हे सांगणारं कार्ड, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. मालाची पूर्ण माहिती माल पाठवणाऱ्याने द्यायची (नियम १३१), वाहनमालकाने ती लेखी ड्रायव्हरला द्यायची (नियम १३२) आणि ड्रायव्हरने केबिनमध्ये ठेवायची (नियम १३३). प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांत मागच्या खेपेचं कार्ड पडलेलं असतं. गेल्या फेरीत सॉल्व्हंट, या फेरीत सोडियम, आणि कार्ड मात्र सॉल्व्हंटचं: आगीवर फोम मारा, कडेने पाण्याचा फवारा द्या. सोडियमच्या बाबतीत हाच सल्ला घात करतो. बिल्टीवरचं नाव, पॅनलवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच असल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. कार्ड फक्त इंग्रजीत असेल तर आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेतली प्रत मागा.

पॅनलचं माप नियम १३४ मध्ये आहे: मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिमी उंच अक्षरांत, वर्ग क्रमांक किमान १०० मिमी, लेबल किमान २५० मिमी चौरस, आणि आपत्कालीन फोन नंबर किमान ५० मिमी. वर्ग क्रमांक (धोक्याचा प्रकार) आणि चार आकडी यूएन नंबर (त्या रसायनाची ओळख) यांत गल्लत करू नका. सोडियमचा वर्ग ४.३, यूएन नंबर १४२८, अग्निशमन दलाला काय वापरायचं ते सांगणारा हॅझकेम कोड ४डब्ल्यू. कोडमधल्या चारचा अर्थ कोरडा पदार्थच वापरा, पाणी किंवा फोम नाही.

लेबलवर पूर्ण विसंबू नका. निळा चौकोन आणि त्यावर ज्वाळा दिसली की पाण्याचा धोका कळतो. पण थायोनिल क्लोराइड, क्लोरोसल्फोनिक ॲसिड, ओलियम हे वर्ग ८ मध्ये येतात, त्यांचं लेबल साध्या ॲसिडचं, काळं-पांढरं. ते बघून ‘ॲसिड सांडलंय, धुऊन काढा’ म्हणत लोक बादल्या आणतात. थायोनिल क्लोराइडवर पाणी पडलं की हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड उसळतात. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, मोरीत, रस्त्याच्या खालच्या अंगाला साचतात. माणसं तिथेच उभी असतात.

सोडियमचा प्रकार वेगळा. एक किलो सोडियम पाण्याशी पूर्ण भिडलं तर सुमारे ५०० लिटर हायड्रोजन सुटतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. २० फुटी कंटेनरमध्ये आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. तिथे ही पातळी गाठायला तीन किलोही सोडियम लागत नाही. म्हणून पावसाळ्यात, विशेषतः महाड, लोटे, रोह्याकडच्या रस्त्यावर, ताडपत्रीचं एक भोकही मोठं समजा. पत्रा गळत असेल तर भरणी नाकारा.

सांडलंच तर इंजिन बंद करा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि चढावर जा, घन मालाला निदान २५ मीटर आणि द्रवाला ५० मीटर लोकांना मागे सारा. गाडीत आग आटोक्याबाहेर असेल तर हे अंतर शेकड्यांत जातं. केबिनमधलं एबीसी पावडरचं नळकांडं इंजिन-टायरसाठी आहे. पेटलेल्या सोडियमवर ते चालत नाही, सीओटूही नाही. तिथे धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर, कोरडा सोडा ॲश किंवा खरंच कोरडी वाळू लागते. रस्त्याकडेची पावसात भिजलेली वाळू टाकणं म्हणजे पाणीच टाकणं, म्हणून गाडीत बंद डब्यातली वाळू ठेवा.

माणसाच्या अंगावर उडालं तर मात्र नियम उलटा. आधी कोरड्या फडक्याने कण झटकून किंवा द्रव टिपून काढा, भिजलेले कपडे उतरवा, आणि मग भरपूर वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटं धुवा. ‘पाणी नको’ एवढंच लक्षात ठेवून जखमीला तसंच दवाखान्यात नेलं जातं, आणि तोवर कातडी जळत राहते.

११२ किंवा १०१ ला फोन लागताच पहिलं वाक्य ‘पाणी मारू नका’ हे असू द्या, मग रसायनाचं नाव, यूएन नंबर, वर्ग, किती माल आणि किलोमीटरचा दगड. बंब निघण्यापूर्वी त्यांना कोरडी पावडर भरायची असते, बंब पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही. नियम १३६ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला लगेच कळवणं ड्रायव्हरचं काम आहे, मग गळती लहान का असेना. ट्रेम कार्डाच्या दोन प्रती ठेवा: एक अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातात द्यायला, दुसरी ठाण्यात जबाब लिहिताना नाव आणि नंबर बरोबर उतरवले जावेत म्हणून.