थंडीतील हॅमॉक-मुक्काम

थंडीतील हॅमॉक-मुक्काम : दोन झाडांना लांब कापडी झोळी बांधून थंडीच्या दिवसांत रानात रात्र काढण्याची पद्धत. उन्हाळ्यात हॅमॉकमध्ये झोपायला अंगावर चादरही पुरते. हवा साधारण २० अंश सेल्सियसच्या खाली उतरली, की खालून गारवा जाणवू लागतो, आणि शून्याच्या जवळ तर जाड स्लीपिंग बॅगेत शिरलेला माणूसही मध्यरात्री कुडकुडत उठतो. अशा वेळी छाती आणि पोट बहुधा उबदार असते. गार पडलेली असते ती पाठ, कंबर आणि पोटऱ्या. या पद्धतीचे बहुतेक तंत्र अंगाखालची ऊब टिकवण्यासाठीच घडलेले आहे.

पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब शरीराची असते, पांघरूण ती फक्त धरून ठेवते, आणि तेही तंतूंमध्ये किंवा पिसांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. हॅमॉकमध्ये शरीराचे सगळे वजन कापडावर येत असल्याने स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग दाबून चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली नायलॉनचे दोन-तीन पातळ थर तेवढे उरतात. तंबूत जमीन गार असली तरी पाठीखाली वारा नसतो. हॅमॉकच्या खालून मात्र तो मोकळा वाहतो आणि कापडाला लागून तापलेली हवा सतत पळवून नेतो. वरची बॅग आणखी जाड करून म्हणूनच फारसा उपयोग होत नाही. नवखे लोक पैसे खर्च करतात ते नेमके याच चुकीच्या जागी.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले यानोमामी लोक रात्री हॅमॉकच्या शेजारी किंवा खाली लहानसा विस्तव जागता ठेवतात. ब्रिटिश आरमाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॅमॉक स्वीकारला, तेव्हा खलाशी त्यात पातळ गादी घालून झोपत, म्हणून गार समुद्रातही तो चालला. आजची पद्धत मुख्यतः अमेरिकेत वाढली, आणि तिथेही अ‍ॅपलेशियन ट्रेलवर. जॉर्जिया ते मेन असा सुमारे ३,५०० कि.मी.चा हा पायरस्ता बहुतेक जंगलातून जातो. जमीन अनेक ठिकाणी उतरती, मुळांनी आणि दगडांनी भरलेली असते, पण झाडांना तोटा नाही. उत्तरेकडे निघणारे बरेच पदयात्री मार्चच्या सुमारास सुरुवात करतात. ग्रेट स्मोकी पर्वतात रस्ता २,००० मीटरच्या वर चढतो तेव्हा त्यांना बरेचदा हिम लागते. अशा वाटेवर हॅमॉक वापरायचा, तर खालच्या थंडीवर उपाय शोधणे भागच होते.

तो उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. पिसांनी किंवा कृत्रिम तंतूंनी भरलेली ही रजई हॅमॉकच्या आत न घालता बाहेरून, त्याच्या तळाशी टांगतात. तिच्यावर वजन पडत नाही, त्यामुळे ती फुगलेली राहते. चांगल्या अंडरक्विल्टचे बाहेरचे कापड आतल्या कापडापेक्षा थोडे मोठे कापलेले असते, म्हणजे पोटासारखा बाक आला तरी भरणी चेपत नाही. शून्य अंशाच्या आसपास ५-६ सें.मी. जाडीची फुगवण पुरते असा ढोबळ अंदाज आहे. अंगावर घ्यायला पूर्ण बॅगेऐवजी पाठ उघडी असलेली टॉपक्विल्ट वापरतात, कारण पाठीखाली दाबली जाणारी भरणी नुसते ओझे ठरते.

महागडी अंडरक्विल्टही नीट टांगली नाही तर निरुपयोगी होते. ती लवचीक दोरीवर लटकते. दोरी फार ताणली तर रजई कापडावर दाबली जाऊन फुगवण जाते, सैल सोडली तर मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीतून वारा फिरतो. तपासायची रीत सोपी आहे. झोपायच्या जागी, झोपायच्या कोनात आडवे व्हावे आणि सोबत्याला बाहेरून हॅमॉक आणि रजई यांच्यामध्ये हात सरकवायला सांगावे. हात अलगद शिरून दोन्हीकडे कापड लागले तर ताण बरोबर आहे. हात मोकळा फिरला तर एक गाठ वर घ्यावी. मग दोन्ही टोकांच्या ओढदोऱ्या आवळून तोंडे बंद करावीत. बहुतेक गार झोत खांद्यापाशी किंवा पोटरीखाली उघड्या राहिलेल्या या टोकांतूनच येतात. हे काम उजेड असताना करावे. रात्री दोन वाजता बधिर बोटांनी ते होत नाही.

स्वस्त आणि भरवशाचा पर्याय म्हणजे फोमची कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेता येणारी चटई. तिच्यावर वजन आले तरी बंद कप्प्यांतली हवा निघून जात नाही. तोटे दोन. ती अरुंद असते आणि हॅमॉकचे कापड खांद्यांना दोन्ही बाजूंनी कवटाळते, त्यामुळे खांदे मॅटबाहेर राहून गारठतात. यासाठी मॅटला आडवा तुकडा जोडतात. दुसरे म्हणजे ती सरकते, म्हणून दुहेरी कापडाचा हॅमॉक घेऊन दोन थरांमध्ये ती घालणे उत्तम. मॅटवर पाठीला घाम साचतो, पण जमिनीवर झोपायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. माझ्या मते पहिल्या थंडीत मॅटच वापरावी आणि पद्धत अंगवळणी पडल्यावर अंडरक्विल्टचा विचार करावा.

बांधणी नीट असेल तर ऊब राखणे सोपे जाते. हॅमॉक झाडाला बांधणारा पट्टा जमिनीशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो तेव्हा प्रत्येक पट्ट्यावर साधारण माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो. कोन त्याहून कमी केला तर ताण वेगाने वाढतो. हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के लांबीची रिजलाइन, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांना वरून जोडणारी दोरी, बांधली की दरवेळी सारखाच झोल मिळतो, आणि तिरके झोपल्यास पाठ जवळजवळ सपाट राहते. झोल बदलला की अंडरक्विल्टचे गणितही बदलते.

वाऱ्यासाठी टार्प, म्हणजे हॅमॉकवर छपरासारखे ताणायचे कापड. थंडीत तो हॅमॉकच्या दोन्ही टोकांपुढे जाईल इतका लांब असावा, वाऱ्याच्या बाजूने जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवावा आणि शक्य असल्यास टोके दारासारखी मिटवावीत. पूर्ण मात्र मिटवू नये. श्वासातली वाफ टार्पच्या आतून दव किंवा हिमकण होऊन जमते आणि पहाटे झुळकेसरशी तोंडावर गळते. टार्पखाली स्टोव्ह पेटवून ऊब आणणे जिवावर बेतणारे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि नायलॉनला पेट घ्यायला वेळ लागत नाही. जागा दरीच्या तळाशी नको, कारण रात्री गार हवा उतारावरून ओघळून तिथेच साचते. कड्याच्या माथ्यावर वारा झोडपतो. उताराच्या मधल्या टप्प्यावरचे दाट झाडीचे ठिकाण सर्वांत चांगले. वर वाळक्या किंवा हिमाने वाकलेल्या फांद्या नाहीत हे आधी पाहावे.

ओल हा थंडीचा साथीदार. पिसे भिजली की गोळा होऊन बसतात आणि त्यांची ऊब जवळजवळ संपते. म्हणून दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घालावेत, आणि श्वास रजईत सोडू नये. नाक-तोंड बाहेर ठेवून कानटोपी आणि मफलर वापरावा. झोपण्यापूर्वी तुपातले किंवा शेंगदाण्याचे काही खावे आणि लघवीला जाऊन यावे. गरम पाण्याची बाटली हा जुना उपाय खराच उपयोगाचा आहे. एक लिटर पाणी ९० अंशांवरून ३५ अंशांवर येताना सुमारे २३० किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे झोपलेले शरीर पाऊण-एक तासात जितकी निर्माण करते तितकी. बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये किंवा पावलांशी ठेवावी, आणि झाकण गळत नाही ना हे उलटी धरून पाहावे.

सह्याद्रीत हा प्रकार आता दिसू लागला आहे. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर पारा एक आकडी होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी नाही, तरी वरचेवर येतात. इथे पिसांच्या महाग रजईची गरज क्वचितच पडते. दुहेरी हॅमॉकमध्ये कॅरीमॅट, तिच्यावर घडी घातलेली घोंगडी आणि अंगावर बेताची स्लीपिंग बॅग एवढ्यावर बहुतेक रात्री निभावतात. लोकर ओल शोषूनही ऊब देते, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अडचण झाडांची असते. किल्ल्यांच्या माथ्यावर ती विरळ, आणि असली तरी वारा बेफाम. देवराईतल्या झाडांना पट्टे बांधू नयेत. ती गावाच्या श्रद्धेची झाडे आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. पट्टे रुंद असावेत, दोरी सालीत रुतते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते, मग बोटे ऐकत नाहीत, बोलणे अडखळते, माणूस विचित्र हट्ट करू लागतो. हुडहुडी आपोआप थांबली आणि तरीही माणूस गारच असेल, तर ते लक्षण अधिक वाईट समजावे. त्याला हॅमॉकमध्ये एकटे ठेवू नये. खाली उतरवून, कोरडे कपडे घालून, मॅटवर वाऱ्याच्या आडोशाला झोपवावे आणि मदत मागवावी. नुसती पाठ गार पडत असेल आणि दोऱ्या आवळूनही गारवा थांबत नसेल, तर त्याही वेळी मॅट जमिनीवर अंथरून टार्पखाली झोपावे. म्हणूनच अंडरक्विल्ट वापरणारे अनुभवी लोकही थंडीत फोमचा एक तुकडा सोबत ठेवतात.