खरूज

खरूज : सार्कोप्टिस स्केबीआय या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा त्वचेचा संसर्गजन्य रोग. हा परजीवी कीटक नसून गोचीड आणि कोळी यांच्या गोत्रातला, आठ पायांचा प्राणी आहे. अंडी घालणारी मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात ती नागमोडी बीळ कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंड्यांतून तीन-चार दिवसांत पिले बाहेर पडतात व सुमारे दोन आठवड्यांत प्रौढ होतात.

खाज सुटते ती मुख्यतः किडा, त्याची अंडी व विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे. ही प्रतिक्रिया तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, पण त्या काळातही तो इतरांना खरूज देऊ शकतो. पूर्वी खरूज होऊन गेलेल्याला मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुटते. नेहमीच्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून किडे असतात दहा-पंधराच. रात्री झोपू न देणारी एवढी खाज इतक्या थोड्या किड्यांमुळे होते, हे रुग्णाला पटवणे अवघड जाते.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला व जननेंद्रियांवर बारीक पुरळ दिसते. तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय आणि डोक्यावरही ते उठते. नायट्यात कडा उठून दिसणारे गोल चट्टे पडतात, खरजेत तसे नसते; घरात एकाच वेळी अनेकांना खाज असणे ही खरजेची मोठी खूण आहे. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले की पू धरतो. त्यांत स्ट्रेप्टोकॉकस असतील तर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून मुलांच्या पिकलेल्या खरजेकडे काणाडोळा करणे धोक्याचे. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना होणाऱ्या खपल्यांच्या खरजेत किड्यांची संख्या हजारोंवर, कधी लाखांवर जाते.

इटलीतील बोनोमो या वैद्याने औषधविक्रेता चेस्तोनी याच्या साहाय्याने हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि खरजेचे कारण तोच असल्याचे १६८७ मध्ये निसर्गाभ्यासक फ्रांचेस्को रेदी याला पत्राने कळवले. एखाद्या रोगाचे कारण सूक्ष्म जीवात सापडल्याचे हे फार जुने उदाहरण. तरी खरूज रक्त बिघडल्याने होते ही समजूत दीडशे वर्षे टिकून राहिली. अखेर १८३४ मध्ये रेनूची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. त्याच्या गावाकडच्या बायका ते आधीपासून करत होत्या.

खरूज अस्वच्छतेने होते, हा समज चुकीचा आणि रुग्णावर अन्याय करणारा आहे. ती मुख्यतः त्वचेचा त्वचेशी बराच वेळ संपर्क आल्याने पसरते. एका अंथरुणात झोपणारी भावंडे, वसतिगृहे, आश्रमशाळा, तुरुंग येथे तिला वाव मिळतो तो दाटीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमधील शेफिल्डमध्ये स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांच्या पांघरुणांत झोपवले, तेव्हा फार थोड्यांना लागण झाली.

पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावतात आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. गर्भवती स्त्रिया व १५ किलोंपेक्षा कमी वजनाची मुले यांना त्या सहसा देत नाहीत. औषध-दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मलमाने खाज दबते, पण किडे मरत नाहीत आणि निदान लांबते. घरातल्या सगळ्यांनी, ज्यांना खाज नाही त्यांनीही, एकाच दिवशी औषध लावले नाही तर खरूज घरात फिरत राहते. त्याच दिवशी कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून काही दिवस बाजूला ठेवावे. अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून औषध पुन्हापुन्हा लावू नये.

जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून अधिक लोकांना खरूज असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. फिजीतील बेटांवर सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आले.