पार्श्वभूमी : हौसेच्या बोटीवरचे लॉगबुक

हौसेच्या बोटीवर लॉगबुक, म्हणजे प्रवासाची नोंदवही, ठेवायचे कशाला, हा प्रश्न तसा अलीकडचा आहे. किनारा दिसेनासा झाल्यावर आपण कुठे आहोत हे वहीतल्या तासातासाच्या नोंदींवरूनच काढावे लागे, तोवर असे कोणी विचारत नव्हते. दिशा, वेग आणि वेळ यांवरून स्थान काढायच्या या रीतीला डेड रेकनिंग म्हणतात. त्यात नोंद चुकली की स्थान चुकले. पुढे हे काम उपग्रहांनी उचलले आणि वही कालबाह्य झाली, असे अनेक बोटमालकांना वाटू लागले. खरे तर तिची बाकीची कामे तेव्हा कुठे नीट दिसू लागली.

आधी शब्दाचा गुंता सोडवायला हवा. लॉग म्हटले की आपल्याला शाळेतले लॉग टेबल आठवते. त्याचा इथे काही संबंध नाही. तो शब्द ग्रीकमधून आला. बोटीवरचा लॉग म्हणजे चक्क लाकूड. इंग्लंडमध्ये १५७४ साली छापलेल्या नौकानयनावरच्या एका पुस्तकात त्याचे वर्णन आहे. पुढे रूढ झालेल्या रूपात ती वर्तुळाच्या चौथ्या भागाएवढी फळी असे. तिच्या गोल कडेला शिसे लावलेले असायचे, त्यामुळे ती पाण्यात उभी राहून जागच्या जागी थांबे. तिला बांधलेल्या दोराला ठरावीक अंतरावर गाठी. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटतील तितका जहाजाचा वेग. समुद्रातला वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात, तो यामुळे; एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

हे माप सुरुवातीपासून पक्के नव्हते. मैल ५,००० फुटांचा धरून आणि घड्याळ ३० सेकंदांचे ठेवून गाठी ४२ फुटांवर मारत. सागरी मैल नीट मोजला गेल्यावर हिशेब २८ सेकंद आणि ४७ फूट ३ इंच असा बसला. गाठी मोजून झाल्या की आकडा खडूने पाटीवर लिहायचा आणि दिवसातून एकदा, दुपारी, पाटीवरचे सगळे वहीत उतरवून पाटी पुसायची. ओंडक्याचे नाव वहीला चिकटले ते असे, आणि संगणकावरचे ‘लॉग इन’ही याच ओंडक्याच्या कुळातले. म्हणूनच जुन्या मजकुरात ‘लॉग घेतला’ आणि ‘लॉग लिहिला’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

जुन्या वह्या वाचताना आणखी एक खाच आहे. जहाजावरचा दिवस दुपारी बाराला सुरू होई आणि तो जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास पुढे असे. त्यामुळे किनाऱ्यावर १० तारखेची संध्याकाळ असली तरी वहीत ११ तारीख. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत १८०५ मध्ये सोडली, इतरांनी नंतर. १८५३ साली ब्रुसेल्सला भरलेल्या एका परिषदेत समुद्रावरच्या हवामाननोंदींचा समान नमुना ठरला आणि वाऱ्याचा जोर, वायुदाब, तापमान हे रकाने अनेक देशांच्या जहाजांवर सारखे झाले. वाऱ्याचे आणि वायुदाबाचे रकाने आजच्या हौशी लॉगबुकातही असतात. त्या काळच्या वह्यांतून आज जुन्या हवामानाचा अभ्यास होतो. लिहिणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसणार.

वही साक्षीदार कशी ठरते, याचे एक वेदनादायक उदाहरण १९६८–६९ च्या एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीतले आहे. एक स्पर्धक रेडिओवरून खोटी स्थाने कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट अटलांटिकमध्ये माणसाविना तरंगताना सापडली. तो अटलांटिकबाहेर कधी गेलाच नव्हता, हे जगाला कळले ते बोटीवर मिळालेल्या वह्यांमधून.

मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली गेली. सुमारे शंभर मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली आणि छोट्या बोटींवरही पडद्यावर आपली वाट आपोआप उमटू लागली. दोनच वर्षांत, १ जुलै २००२ ला, समुद्रातील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, म्हणजे सोलासचे, सुधारित पाचवे प्रकरण लागू झाले. आजचा सगळा वाद तिथून सुरू होतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

या प्रकरणाच्या ३४ व्या नियमानुसार समुद्रावर जाणाऱ्या बोटीने प्रवासाचे नियोजन केलेच पाहिजे. हौसेच्या बोटीही यात येतात. नोंदींबद्दलचा नियम मात्र २८ वा. तो आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांसाठी आहे, आणि १५० ग्रॉस टनेजखालच्या (ग्रॉस टनेज म्हणजे नौकेच्या आतल्या एकूण जागेचे माप) नौकांना १५ ते २८ हे नियम कितपत लावायचे, हे त्या त्या देशावर सोडले आहे. बहुतेक खासगी बोटी या मर्यादेच्या पुष्कळच खाली. म्हणजे नियोजन सक्तीचे आणि नोंद अनेक ठिकाणी ऐच्छिक, अशी स्थिती झाली. ही सूट देणे बरोबर होते का? पाच मीटरच्या बोटीतून दुपारी दोन तास फिरून येणाऱ्यावर वहीची सक्ती करणे अवाजवी होते, ही बाजू मला मान्य आहे. पण ‘सक्ती नाही’चा अर्थ ‘गरज नाही’ असा लावला गेला, आणि तो चुकीचा आहे. निघण्यापूर्वी हवामान पाहिले होते का, ओहोटीची वेळ काढली होती का, वादळ आले तर कुठल्या बंदरात शिरायचे हे ठरले होते का, हे अपघातानंतर विचारले जाणारच. त्याचे उत्तर देणारा कागद बोटीवर दुसरा कुठला असतो?

वहीचे विरोधक २८ व्या नियमातलेच एक वाक्य पुढे करतात. माहिती लॉगबुकात नसेल तर मान्यता मिळालेल्या दुसऱ्या स्वरूपात ठेवली तरी चालते, असे तिथे म्हटले आहे. मग पडद्यावरची वाट का चालू नये? पण त्याच नियमात कसोटीही दिली आहे : प्रवासाचे पूर्ण चित्र पुन्हा उभे करता येईल इतका तपशील हवा. पडद्यावरची रेघ बोट कुठून गेली ते दाखवते. पहाटे चारला मार्ग का बदलला, सुकाणूवर कोण होते, मागच्या तासात पाणी किती उपसले, हे तिला ठाऊक नसते.

रोजच्या उपयोगाची गोष्ट घेतली तरी हेच दिसते. वायुदाबाच्या एका आकड्याला फारसा अर्थ नाही. तीन तासांत तो ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतरला तर ब्रिटिश सागरी हवामानवृत्तात त्याला झपाट्याने उतरणे म्हणतात, पण त्यासाठी तीन तासांपूर्वीचा आकडा हाताशी हवा. इंधनाचेही तसेच. समजा टाकीत १२० लिटर आहेत आणि इंजिनाच्या माहितीपुस्तकात तासाला ४ लिटर लिहिले आहे, म्हणजे ३० तास. समोरून लाटा घेत गेल्यावर हाच खर्च ६ लिटर होतो हे आपल्याच वहीत सापडले, तर हातात २० तासच उरतात. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप, एरवी दिवसातून दोनदा चालतो आणि आज पाचदा चालला, तर पाणी कुठून तरी नव्याने येते आहे. इंजिनाचे तास लिहिलेले असले की तेल केव्हा बदलायचे हे आठवणीवर सोडावे लागत नाही, आणि बोट विकत घेणारा या पानांकडे रंगकामाआधी पाहतो. नौकानयनाच्या प्रमाणपत्रांसाठीही लिहून ठेवलेले मैल लागतात. एका नावाजलेल्या ब्रिटिश प्रमाणपत्राला २,५०० सागरी मैल आणि ५० दिवस समुद्रावर अशी अट आहे.

वीज गेली तर? ६ नॉटने जाणाऱ्या बोटीचे स्थान तासापूर्वी लिहिलेले असेल, तर ती त्या जागेभोवती ६ मैलांच्या आत कुठेतरी आहे, आणि दिशाही लिहिली असेल तर शोध आणखी आटोपशीर होतो. प्रवाह आणि वाऱ्याने बोट बाजूला सरकते, ते त्यात धरावे लागते, एवढेच. काहीच लिहिलेले नसेल तर सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न पडतो.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवरची आणि बोटीच्या यंत्रणेला जोडलेली लॉगबुके आली. वेळ, स्थान, वेग, दिशा, इंजिनाचे फेरे, वाऱ्याचा जोर हे सगळे ती आपोआप भरतात, आणि हाताने लिहिण्यापेक्षा अचूक भरतात. शेऱ्याचा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. अशी नोंद चौकशीत किंवा विम्याच्या दाव्यात पुढे आली की वाद पुन्हा त्या कसोटीवर येऊन थांबतो : एवढ्यावरून तो प्रवास पुन्हा उभा करता येतो का?