एस्केप गेम

बंद जागेत अडकलेल्या खेळाडूने तिथल्याच वस्तू वापरून, कोडी सोडवत बाहेर पडायचे, असा खेळप्रकार. संगणकावर किंवा मोबाइलवर बहुधा एकट्याने खेळतात तो एस्केप गेम. खऱ्याखुऱ्या खोलीत काही जणांनी मिळून, सहसा ६० मिनिटांत सोडवायची ती एस्केप रूम. दार उघडणे हे दोन्हींचे उघड उद्दिष्ट. पण ही खोली कुणाची, इथे काय घडले आणि आपण इथे कसे आलो, हे कुणी सरळ सांगत नाही. ते कपाटे, डायऱ्या आणि फाटक्या फोटोंवरून जुळवावे लागते.

या प्रकाराचे मूळ १९७६ च्या सुमारास विल क्राउदरने रचलेल्या, निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या गुहेच्या साहसखेळापर्यंत नेता येते. एकाच खोलीतून सुटण्याची कल्पना जगभर पोचवली ती तोशिमित्सु ताकागी यांच्या ‘क्रिमझन रूम’ने (२००४). फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो चालत असे. २००७ साली ताकाओ कातो यांनी जपानमधील क्योतो येथे तीच कल्पना पडद्याबाहेर आणली. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि सुटकेचे शेकडो खेळ स्वतःच अडकून पडले.

कोड्याचे तंत्र साधे आहे : सुगावा एकीकडे सापडतो, उपयोगी पडतो दुसरीकडे. आधी दिसलेले कुलूप मनात राहते आणि किल्ली हाती आली की त्याची आठवण होते. चांगल्या कोड्याचे उत्तर सापडण्यापूर्वी अशक्य वाटते आणि सापडल्यावर ‘हे तर समोरच होते’ असे वाटते. पडद्याचा कोपरा न् कोपरा क्लिक करत बसायला लावणारे कोडे अवघड नसते, फक्त कंटाळवाणे असते. मुद्दाम पेरलेला चकवा मात्र, तो मोजका असेल तर, खेळाला चव आणतो.

कोडे आणि कथा यांची सांगड हा या प्रकाराचा खरा कस. तिजोरीचा आकडा भिंतीवर खरडून ठेवला, तर तो नुसता आकडा. तोच आकडा एका महिन्यावर थांबलेल्या कॅलेंडरात वर्तुळ केलेल्या तारखेचा असेल आणि टेबलावर त्याच तारखेची डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर तिजोरीबरोबर त्या घरावर कोसळलेला प्रसंगही उघडतो. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ (१९९३) काटेकोर अर्थाने एस्केप गेम नव्हे, पण या बाबतीत तो सगळ्यांचा गुरू ठरावा. त्यात लाल आणि निळ्या पुस्तकांत कैद झालेले दोन भाऊ सुटकेसाठी विनवतात, एकमेकांवर आरोप करतात. त्यांतला खरा कोण? खेळाडू त्यांच्या राहत्या खोल्या धुंडाळतो तेव्हा एकाची हाव दिसते, दुसऱ्याचे क्रौर्य. शब्दांपेक्षा सामानसुमान जास्त खरे बोलते. २०१५ पासून आलेल्या ‘क्यूब एस्केप’ मालिकेने एक रहस्य अनेक छोट्या खेळांत विखुरले. त्यामुळे एका भागातली बिनमहत्त्वाची वाटणारी वस्तू पुढच्या भागात अर्थ घेऊन येते.

खऱ्या खोलीत हे जमवणे कठीण. घड्याळ पळत असताना चार पानी पत्र कुणी वाचत नाही. सगळे त्यातले आकडे तेवढे शोधतात. म्हणून जाणते रचनाकार कथा दोन ओळींच्या चिठ्ठीत, ध्वनिमुद्रणात किंवा एखाद्या वस्तूत बसवतात. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा गेम मास्टर अडलेल्यांना हिंट देतो. वेळ संपल्यावर बरेचदा तोच खोलीत येऊन राहिलेली कोडी उलगडून दाखवतो, आणि त्या घरात नेमके काय घडले होते हे काही खेळाडूंना तेव्हाच कळते.