दुखऱ्या नसेपाशी मूलपेशी काय करतात?

नस दुखावली की कधीकधी अंगावर चादरसुद्धा सहन होत नाही. जखम केव्हाच भरलेली असते, पण नस आणि मज्जारज्जू धोक्याचे संदेश पाठवतच राहतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत.

या दुखण्याचा अभ्यास करण्यासाठी बेनेट आणि शी या संशोधकांनी १९८८ मध्ये उंदरांच्या मांडीतल्या सायटिक नसेभोवती धाग्याच्या सैल गाठी बांधल्या. ही पद्धत आजही वापरात आहे. उंदराला जाळीवर ठेवायचं आणि खालून त्याच्या तळपायाला बारीक तंतू टेकवायचा, तो किंचित वाकेपर्यंत. एरवी ज्या स्पर्शाने उंदीर हलतही नाही, त्याच स्पर्शाला नस दुखावलेला उंदीर पाय झटकन उचलतो, कधी तो चाटत बसतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रू-रोंग जी यांच्या गटाने अशा उंदरांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, एकदाच टोचल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आराम कित्येक आठवडे टिकला. मूलपेशींपासून नवी नस तयार झाली असेल, असं आपल्याला सहज वाटतं. तसं काही झालं नव्हतं. दुखावलेल्या भागातून निघणाऱ्या एका रसायनाच्या मागावर या पेशी मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींपर्यंत गेल्या आणि तिथे टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन स्रवत राहिल्या. या प्रथिनाला निष्प्रभ करणारं प्रतिपिंड दिल्यावर वेदना परतली! मला या सगळ्या कामात हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गुण नेमका कशाने आला हे त्यातून कळतं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये वेगळी वाट दाखवली होती. त्यांनी उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी मज्जारज्जूत रोपल्या. त्या मात्र तिथल्या जाळ्यात खरोखर रुजल्या आणि संदेशांना आवर घालणारं गाबा हे रसायन स्रवू लागल्या.

पण हे सगळे प्रयोग उंदरांवरचे आहेत. म्हणून उद्या कुणी पैसे घेऊन मूलपेशींचं इंजेक्शन देऊ केलं, तर घेऊ नका. उंदरांत गुण आला म्हणजे माणसात येईलच असं नाही. शिवाय पाय झटकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेदना त्याहून मोठी गोष्ट. ती खरंच कमी झाली का हे पाहण्यासाठी दोन खोल्यांची चाचणी असते: एका खोलीत आराम देणारं औषध द्यायचं, दुसरीत नाही. नंतर मधलं दार उघडायचं आणि उंदीर आपणहून कुठे जाऊन बसतो ते पाहायचं.